यादीतलं पाचवं वाक्य

१० फेब्रु., मंगळ.
कुंभारी. सर्व्हेचा पहिला दिवस. पुण्याच्या सरांची नवी पद्धत: बाईला पाच वाक्यं वाचून दाखवायची, तिनं किती खरी तेवढा आकडाच सांगायचा. कुठली, ते नाही. चार साधी, पाचवं नाजूक: 'घरी न सांगता गोळ्या घेऊन गर्भ पाडला.' साधी चार अशी: विड्या वळते, उपवास धरते, बचत गटात आहे, घरात मोबाइल आहे. अरे बाबांनो, या विडी कामगारांच्या वसाहतीत ही चार कुणाची खरी नाहीत? सगळ्यांचं उत्तर चार. डोकं उठलं.

११, बुध.
व्हायचं तेच झालं. सुमन, दोन पोरींची आई, उंबऱ्यात विड्या वळत बसलेली. शेजारी सासू. आकडाच तर सांगायचाय, म्हणून मीही सासूला उठवलं नाही. सुमन म्हणाली, "पाच."
सासूचे हात थांबले. "कालपासनं ऐकतीय की मी. समद्यांचं चार, हिचं पाच कसं वो बाई?"
सुमन पांढरीफटक. मी सरळ पुढचा प्रश्न वाचला. लाज वाटते स्वतःची.

१२, गुरु.
शहरातल्या सात रस्ता चौकाच्या ऑफिसातून सरांना फोन. "मॅडम, एकेकीचं उत्तर कळूच शकत नाही, तोच तर फायदा."
म्हटलं, सासूला कळलं की!
"यादी मंजूर झालीय. आता बदल नाही."
फोन आपटावासा वाटला. सुमनचा नवरा हात उगारतो, हे सगळी गल्ली सांगते. सासूनं त्याच्या कानावर घातलं तर...

१४, शनि.
पुन्हा कुंभारी. मला बघून सुमननं दार लावून घेतलं. बरोबरच आहे तिचं. परत निघाले तर सासू मागोमाग स्टॉपपर्यंत आली. आता शिव्या खायच्या, म्हणून उभी राहिले.
"बाई, माजं लिवून घेतलं न्हाय तुमी."
पन्नाशीच्या आतल्यांचंच घेतो, म्हटलं.
"तरी लिवा. पाच."
तिचं खरंच पाच, की सुनेवर पांघरूण? विचारायची मुभा मला नाही. एवढंच विचारलं, सुमनला सांगितलंत का हे?
"न्हाय. कुटल्या तोंडानं सांगू? तुमीबी सांगू नका."
एकीचं दुसरीला सांगायचं नाही, अशी सही मी करून बसलेय. आणि सुमन तिकडे हिलाच घाबरून दाराआड.