प्रेताचा डावा डोळा

३ मार्च, सोमवार

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय उशीवर, आणि मी भावोजींच्या तावडीत! त्यांचं जुन्या सिनेमांचं दुकान. आज खोकंभर डीव्हीडी आणून आदळल्या. "वहिनी, नुसत्या बसून काय करणार? हे बघा. कुणी न पाहिलेले, कुणी न ऐकलेले. एकेकावर दोन ओळी लिहून द्या, डबीवर चिकटवतो. ‘वहिनींचं मत’!"

म्हटलं, मी आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासली. सिनेमे नाहीत.

"तेच तर हवंय!"

पहिला लावला — ‘तळघरातला पाहुणा’. डबीवर नव्वद मिनिटं, आत अठ्ठ्याहत्तर. मापात पाप! तळघर कुठेच नाही. पाहुणाही येत नाही. शेवटी सगळे कुणाला बघून किंचाळतात ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. चिठ्ठी लिहिली: "बारा मिनिटं कमी भरतो. हाच त्याचा एकमेव गुण."

४ मार्च, मंगळवार

फोन वाजला. उचलला. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला आणि ठेवून दिला. लोकांना रीत म्हणून राहिली नाही.

माझी आई स्वयंपाकघराच्या दारात. "कोण होतं?"

"कुणी नाही."

"डॉक्टर तुला चालू कधी देणार? बाजारात कधी जाणार तू?"

मंगळवारचा बाजार माझा, हे खरं. पण सध्या वाणी घरपोच देतो ना सगळं! म्हातारपणी माणसाचं मन कशात अडकेल, नेम नाही.

६ मार्च, गुरुवार

‘पिवळी खिडकी’. खिडकी निळी आहे.

सून, मोलकरीण आणि भूत — तिघी मिळून बहुधा एकच बाई. केस बदलते. घरातल्या सगळ्या बायकांना आवाजही एकीचाच दिलाय, त्यामुळे सासूसुनेचं भांडण म्हणजे एकच बाई स्वतःला शिव्या घालते आहे असं वाटतं. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. गोंधळ वाढला.

चिठ्ठी: "पाहू नये. दिवाणखान्यात मेलेली बाई मेल्यावर डावा डोळा उघडून बघते. दिग्दर्शकाने आपला वेळीच उघडला असता तर बरं झालं असतं."

८ मार्च, शनिवार

भावोजींचा फोन. "वहिनी, ‘पाहू नये’वाले आधी संपले! एक गिऱ्हाईक म्हणालं, वहिनींनी ज्याला सगळ्यात जास्त झोडपलंय तो द्या."

मला उलगडा होत नाही. दुकानदाराचं माप खोटं निघालं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. इथे मी खोटं म्हटलं की रांग लागते!

आणि आई. मी सिनेमा लावला की उठून आत जाते. "मला नको गं ती भुतं."

११ मार्च, मंगळवार

‘सातव्या मजल्याचा हात’. इमारत चार मजली.

तीच बाई. या वेळी जिन्यात गळा आवळतात. पडते, मरते — आणि डावा डोळा उघडते! एकदा झाली ती चूक. दुसऱ्यांदा? मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा. का, ते सांगता येत नाही.

फोन आजही आला. श्वास, आणि बंद. आई म्हणाली, "तू नको उचलूस. मी उचलत जाईन." इतकी चिडून का बोलली?

१२ मार्च, बुधवार

आठवलं. आंघोळ करताना.

लहानपणी ताई मरायची. जमिनीवर आडवी, हात पसरलेले, श्वास रोखून. मी रडून घर डोक्यावर घ्यायची. मग तिचा डावा डोळा हळूच उघडायचा — मी किती रडते ते बघायला. पुरेशी रडले नसेन तर पुन्हा मरायची!

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती सिनेमाच्या नादाने घर सोडून गेली. बाबांनी तिचं नाव काढू दिलं नाही. त्यांच्या माघारीही कुणी काढलं नाही.

पण सिनेमातल्या बाईचा आवाज तिचा नाही. तो तसाही कुणाचाच नाही. नामावलीत नाव वेगळंच. भावोजींना आडून विचारलं, तर म्हणे, "वहिनी, असल्या सिनेमांत नावं काय, डोकीसुद्धा बदलतात!"

वजन हातात घेतलं की बुडाशी घासलंय का ते मी डोळे मिटून सांगायची. आणि सख्खी बहीण ओळखता येईना?

१५ मार्च, शनिवार

त्याच कंपनीचा आणखी एक. पाठमोरी चालते तेव्हा ताई. वळली की ताई नाही. पाणी पिण्याआधी पेला पदराने पुसला — ताई! पुढच्या दृश्यात न पुसताच प्यायली.

आईला दाखवू? पंच्याऐंशी उलटली तिची. ताई नसली तर खपली काढून रक्त तेवढं येईल. असली तरी हा सिनेमा तीसेक वर्षांपूर्वीचा. त्यावरून आजचं काय कळणार?

ताई जिवंत आहे का? हा प्रश्न इतक्या वर्षांत मी एकदाही विचारला नाही. आईनेही नाही. आई कशी राहिली न विचारता?

१६ मार्च, रविवार

चिठ्ठी कोरीच. भावोजी म्हणाले, "वहिनी, तुमची शाई संपली की राग?"

१८ मार्च, मंगळवार

फोन वाजला. मी काठी शोधेपर्यंत आई तिथे पोचलीसुद्धा. रिसीव्हरवर हात धरून हळू आवाजात — "अजून नाही. डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात."

"कोण गं?"

"वाणी."

वाण्याला माझ्या गुडघ्याची एवढी काळजी?

२२ मार्च, शनिवार

आज आईला म्हटलं, जरा बस माझ्याजवळ. मटार घेऊन बसली. ‘सातव्या मजल्याचा हात’ लावला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते. बाई जिना चढली. हात आला. बाई पडली.

आई मटार सोलता सोलता म्हणाली, "आता डोळा उघडेल बघ."

उघडला.

"आई! तुला कसं माहीत?"

"थेटरात पाहिलाय. तुझे बाबा घेऊन गेले होते. शेवटच्या रांगेत बसलो. डोळा उघडला तसे इतके हसले, इतके हसले, की पुढची माणसं वळून बघायला लागली. मग सिनेमा संपेपर्यंत रुमाल डोळ्यांना."

"बाबा? बाबांनीच तर तिचं नाव काढायचं नाही म्हणून—"

"त्यांनी कुठे? तू म्हणालीस, ती या उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर. एक गेलीच होती. दुसरी कशी घालवायची?"

मी असं म्हणाले? आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला. — म्हणाले असेन. वाक्य माझंच वाटतं.

"आता कुठे असते ती?"

आईने सालं गोळा केली. "मटार संपले," म्हणाली आणि आत गेली.

मी तेवढाच भाग पुन्हा लावला. पडली. डोळा उघडला. मी रडले. इतकी, की पुढचं काही दिसेना. नशीब, आई आत होती.

२५ मार्च, मंगळवार

गुडघ्याला पट्टा, हातात काठी. आईला सांगितलं, बाजारात जाते, वेळ लागेल. तिने चपला स्वतः आणून पुढ्यात ठेवल्या!

खाली गेलेच नाही. जिन्याच्या वळणावर बसले आहे. पिशवीत ही वही होती, तिच्यात लिहिते आहे.

आत फोन वाजला.

"हं, बोल गं. गेली ती."

आई हसते आहे. अशी हसते ती? मी श्वास रोखून.

"अगं, तुझाच बघत होती, जिन्यातला... नाही, शिव्या नाही घातल्या."

मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग—

"रडली ना. पुष्कळ. दारातून बघितलं मी."