बाह्या आत, कंबर सैल

वरणगाव

प्रिय पुनम,

आधी तुझ्यावरचा राग ओकते, मग कामाचं. परवा जळगावच्या दवाखान्यात ज्योतीअक्काच्या उशाशी बसून तू म्हणालीस, अक्काने खाताना तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती. तिसरी केमो चढत होती, तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. सगळं ऐकलं तिने. तू दोंडाईच्याला निघून गेलीस आणि मी तिचे डोळे पुसत बसले.

मग डॉक्टरीणबाईंना मी दारातच गाठलं. त्या म्हणाल्या, जास्त वजनाने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो, पण बारीक बायकांनाही तो होतो. कुणाला कशाने झाला ते सांगता येत नाही. ऐकलंस? वजनाने किती घात केला देव जाणे, आपण केला तो मला दिसतो. गेल्या थंडीत झुलालभाऊंच्या मळ्यात भरीत-पुरी होती, आठवतं? अक्काने दोन घासांत पत्रावळ सरकवली, पोट भरलं म्हणाली. आणि आपण टाळ्या वाजवल्या! डाएट जमलं म्हणून तू तिचा फोटो काढलास. गावातल्या डॉक्टरने तिला तीनदा काट्यावर उभं केलं, तीनदा चालायला जा म्हणून सांगितलं. त्या मेल्याने एकदाही पोटाला हात लावला नाही. ती बिचारी रोज रेल्वे फाटकापर्यंत चालायची, वाटेत दोनदा लघवीला आडोसा शोधायची आणि मला लाजत सांगायची. हीच त्या रोगाची लक्षणं, डॉक्टरीणबाईंनी आता सांगितलं.

आणि मी? वीस वर्षं मशीनवर बसलेली बाई. तिच्या ब्लाउजच्या बाह्या मी आत घेतल्या आणि त्याच महिन्यात परकराची कंबर चार बोटं वाढवली. दंड सुकताहेत आणि पोट वाढतंय, हे माझ्या हातांना कळलं होतं. तरी तोंडात टाचण्या धरून मी हसले, अक्का, बारीक झालीस गं म्हणाले. स्वतःची इतकी चीड येते की मशीन लाथेने उलथून टाकावंसं वाटतं.

आता कामाचं. आपल्या भूषणच्या लग्नात घालायच्या ड्रेससाठी तू परवा निघताना माझ्या पिशवीत कापड, मापाचा ड्रेस आणि चिठ्ठी टाकलीस. चिठ्ठीत लिहिलंस, कंबर सैल ठेव, दोन महिने गॅसने पोट फुगतंय, जेवण जात नाही, सासूबाई चिडवतात, "पोट कितलं वाढनं व तुनं!" बाह्या मात्र आत घे. आणि खाली हसरा चेहरा काढलास. पुनम, मी त्या कापडाला कात्री लावणार नाही. गुरुवारी जळगावला ये, सोनोग्राफीचा नंबर लावलाय. नुसता गॅस निघाला तर जन्मभर मला हस, ड्रेस एका बैठकीत शिवून देईन. आली नाहीस तर दोंडाईच्याला येऊन, सासूबाईंसमोर दंडाला धरून नेईन. आणि हा नंबर मी लावला असं समजू नकोस. उशाशी ठेवलेल्या पिशवीतली तुझी चिठ्ठी माझ्याआधी अक्काने वाचली. तुझं बोलणं गिळून, सलाईन लावलेल्या हाताने तिनेच डॉक्टरीणबाईंना बोलावून तुझा नंबर लावून घेतला.

गुरुवारी दवाखान्याच्या फाटकातच उभी असणारी,
तुझीच
रत्नाताई