लिंबाएवढा सूर्य

बाबा, आज अमावस्या आहे आणि मी गच्चीवर गेले नाही. गेले असते तरी फारसं काही दिसलं नसतं. हायवेचे दिवे, नव्या टॉवरच्या डोक्यावरचे लाल दिवे, खडकवासल्याच्या बाजूला डोंगराच्या पोटापर्यंत चढलेली घरं. आकाशाला काळं व्हायला जागाच उरलेली नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "उजेड वाढला आणि दिसायचं कमी झालं," आणि मग तुमचे तुम्हीच हसला असता. तुम्ही रिटायर झालात त्या वयाकडे आता मीही सरकते आहे. इतकी वर्षं एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहिली आहे. दर अमावस्येला ती आठवते, आणि दर अमावस्येला मी काहीतरी काम काढून बसते. आज काम निघालं नाही.

मी नववीत होते. सरकारी क्वार्टरमधल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्ही भाजी चिरत होतात. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी शाळेतून आलेली, फुशारलेली. म्हटलं, "बाबा, सगळ्यात जवळचा तारा किती लांब आहे माहितेय? चाळीस लाख कोटी किलोमीटर." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बरं. म्हणजे किती?" मी पुन्हा आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, "शून्यं लिहायला काय जातंय गं? शाई." पाटबंधारे खात्यात तुम्ही आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढलेत. कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर किती, हे कोपऱ्यात लिहिलेलं नसेल तर तो नकाशा नव्हे, चित्र, असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही टोपलीतलं सगळ्यात लहान, मोठ्या बोराएवढं लिंबू काढून ओट्यावर ठेवलंत. हा सूर्य. तीन पावलांवर, दाराच्या चौकटीपाशी, बारीक रव्याचा एक कण. ही पृथ्वी, हिच्यावर आपण, आपली क्वार्टर आणि तुझी शाळा. गुरू म्हणजे मोहरीचा दाणा, तो बाहेर नळाजवळ. शनी दुसरी मोहरी, ती त्याच्याही पुढे. नेपच्यून खसखशीएवढा, तो पार कॉलनीच्या फाटकाशी. मला गंमत वाटायला लागली होती. मी विचारलं, "आणि तो तारा?" तुम्ही सुरी खाली ठेवलीत.

"तो तारा म्हणजे दुसरं लिंबू. ते नागपूरला."

छप्पन साली तुम्ही बारा वर्षांचे होतात. आजोबांबरोबर दीक्षेला नागपूरला गेलात, गाडीत बाकाखाली झोपून. तो प्रवास तुम्ही मला शंभरदा सांगितला असेल, पण त्या दिवशी वेगळा सांगितलात. म्हणालात, "खिडकीतून मी सारखा बाहेर बघत होतो. स्टेशनं, शेतं, माणसं, संपतच नव्हतं. आता त्यातलं सगळं काढून टाक. स्टेशन नको, झाड नको, माणूस नको, धूळसुद्धा नको. पुण्यात एक लिंबू, नागपुरात एक लिंबू, मधे काही नाही. आणि हा आपला सख्खा शेजारी बरं का. बाकीचे याच्यापेक्षा लांब." मी "हो, कळलं" म्हटलं. कळलं काहीच नव्हतं, पण तुम्हाला परत पहिल्यापासून सुरू करायला लावायची भीती वाटली.

अमावस्येचा वर्ग तुमचा तेव्हापासूनचाच. आकाश काळं असतं हे एक कारण, आणि लोक त्या दिवशी घराबाहेर पडायला घाबरतात हे दुसरं, तुम्हाला जास्त आवडणारं. कॉलनीतली पोरं जमवून तुम्ही मैदानात लिंबू मांडायचात. कॉलनीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिथे निम्मी घरं आपलीच होती.

मग मला हिंजवडीत नोकरी लागली, कर्ज मिळालं आणि मी वारज्यात फ्लॅट घेतला. तुम्ही किती खूश होतात. दारावरच्या पाटीसाठी तुम्ही ट्रेसिंग पेपरवर आपलं आडनाव रेखून आणलंत, नकाशांवर काढायचात तशा अक्षरांत. मी म्हटलं, "बाबा, इथे सगळे नुसता फ्लॅट नंबर लावतात." समोरच्या दारावर, शेजारच्या दारावर, जिन्यातल्या प्रत्येक दारावर आडनावं होती आणि तुम्हाला वाचता येत होतं. तुम्ही कागद गुंडाळून ठेवलात. हॉलमध्ये मी बुद्ध ठेवला. बुद्ध चालतो; आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनलाही होता, कारंज्याशेजारी. निळ्या कोटातला फोटो मात्र मी आतल्या खोलीत लावला, तुमच्या पलंगासमोर. "तुम्हाला झोपून दिसेल," असं वर कारणही दिलं. तुम्ही म्हणालात, "छान." तुमच्या त्या "छान"मधली धार मला कळत होती. पण कळून न कळल्यासारखं करण्यात मी तोवर चांगली तयार झाले होते.

मे महिन्यातली अमावस्या होती. जवळचा तारा त्या दिवसांत दक्षिणेला डोंगरावर जेमतेम वर येतो, म्हणून तुम्ही बिल्डिंगमधली चार पोरं गोळा करून गच्चीवर नेलीत. मी घरी होते, लॅपटॉप उघडून. वर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. गच्चीच्या मधोमध तुम्ही लिंबू ठेवलंत. वाऱ्याने घरंगळू नये म्हणून त्यात तुमच्या ड्रॉइंग बोर्डाच्या टाचण्या खुपसल्यात. भोवती खडूने चार वर्तुळं काढलीत. पाण्याच्या टाकीपाशी मोहरी, कठड्यापाशी मोहरी. आणि खसखशीचा दाणा पुडीत बांधून खाली वॉचमनला दिलात, "हा सांभाळा, सकाळी नेतो," म्हणून. पोरांना दिवसाउजेडीही बघायचं होतं, म्हणून सगळं तसंच ठेवून तुम्ही खाली आलात.

बाबा, अमावस्येची रात्र, टाचण्या टोचलेलं लिंबू, भोवती रिंगण, मोहरी आणि वॉचमनच्या हातात पुडी! हे कुणाला कसं दिसेल हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही ते सगळं इतकं मागे टाकलं होतंत की त्याची भाषासुद्धा विसरला होतात.

सकाळी मी कंपनीच्या बससाठी निघत होते आणि तुम्ही फिरायला गेला होतात. दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी, समोरच्या आजी, शेजारच्या वहिनी आणि मागे पुडी लांब धरून उभा असलेला वॉचमन. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आपल्या वडिलांचे गच्चीत काय प्रयोग चालतात याची सोसायटीला कल्पना असावी, एवढीच नम्र विनंती. पापड वाळत घालायला गेलेल्या बायका खाली पळत आल्या." समोरच्या आजी म्हणाल्या, "अमावस्येला कुणी लिंबू मांडतं का हो? लहान मुलं आहेत घरोघर."

सूर्यमाला. एवढंच म्हणायचं होतं. हसून म्हटलं असतं तर तेही हसले असते. पण माझं डोकं पुढे धावलं. सूर्यमाला म्हटलं की विचारतील, मग अमावस्याच का? मी म्हणणार, आम्ही ते मानत नाही. मग विचारतील, आम्ही म्हणजे कोण? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर अमावस्येलाही लख्ख होतं. मी म्हटलं, "अहो, माझी दृष्ट काढली त्यांनी. प्रमोशन झालं ना मला. आई नाही, म्हणून तेच काढतात."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. "मग सांगायचं ना," वहिनी म्हणाल्या. आजींनी लिंबू गच्चीत ठेवायचं नसतं, तिठ्यावर टाकायचं असतं, हे समजावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "वडील प्रेमळ आहेत हो." मला बस मिळाली. दिवसभर मी अगदी हलकी होते, हे आज सांगताना माझी मलाच शिसारी येते.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या करत होतात. लिंबू गच्चीतून कुणी फेकलं म्हणून जरा घुश्शातच होतात. मी काही बोलायच्या आत बेल वाजली. शेजारच्या वहिनी बाळाला घेऊन थेट आत आल्या. आठ महिन्यांचं पोर, तापाने लाल झालेलं, रडून घसा बसलेला. "आजोबा, दुपारपासून थांबत नाहीये. तुम्ही दृष्ट काढता ना? ताई सकाळी म्हणाल्या. एवढी काढा ना याची."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी वहिनींच्या मागे उभी होते. मी हात जोडले नाहीत, डोळ्यांनी खुणावलं नाही. पण माझ्या तोंडावर काय होतं ते तुम्ही वाचलंत. ज्या माणसाने पन्नास वर्षांत घरात कधी नारळ फोडला नाही, आईला उंबऱ्यावर हळदीचं बोट लावू दिलं नाही, त्याने पोळपाट बाजूला केला, मिसळणाचा डबा उघडला आणि मुठीत मीठ-मोहरी घेतली. तुमच्या हाताला ते येत होतं. छप्पनच्या आधी तुमच्या आईने तुमची काढली असणार. तुम्ही बाळावरून मूठ फिरवू लागलात, डोक्यापासून पायापर्यंत. तुम्ही काहीच म्हणेनात तेव्हा वहिनींनीच सुरू केलं, "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची..." त्यांच्या मनात काहीही नव्हतं. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द होते. तुमचे ओठ घट्ट मिटलेले होते. मूठ फिरत राहिली.

मग तुम्ही मोहरी तापलेल्या तव्यावर टाकलीत. ती उडायला लागली. "बघा, किती तडतडली! केवढी लागली होती," वहिनी म्हणाल्या.

"मोहरी आहे. तडतडणारच," तुम्ही म्हणालात. "अंगात ताप आहे त्याच्या. डॉक्टरांकडे न्या. आत्ता न्या, उद्या नको."

त्या गेल्यावर तुम्ही हात धुतलात. बराच वेळ धुतलात. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलंत, "सूर्यमाला हा शब्द फार जड होता का गं?" मी म्हटलं, "बाबा, मला इथे राहायचंय." तुम्ही म्हणालात, "मग राहा." तुम्ही मला त्याहून जास्त कधी रागावला नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुम्ही अमावस्येला गच्चीवर गेला नाहीत. पोरं बोलवायला आली की "दिवे फार झालेत" म्हणायचात. आणि बिल्डिंगमध्ये मात्र तुमचं नाव झालं. चौथ्या मजल्यावरून, मागच्या विंगमधून बायका पोरं घेऊन यायच्या. तुम्ही प्रत्येकीला आधी डॉक्टरांकडे पाठवायचात. त्या जाऊन यायच्या आणि तरी उभ्या राहायच्या. मग तुम्ही मूठ फिरवायचात, तोंड मिटून. मी एकदाही मधे पडले नाही. दोन वर्षं हे चाललं आणि मग तुम्ही गेलात.

त्या दिवशी कॉलनीतली माणसं आली, पांढरे कपडे घालून. काकांनी मला न विचारता आतल्या खोलीतला फोटो आणून हॉलमध्ये ठेवला. वंदना झाली. शेजारच्या वहिनी शेवटपर्यंत बसल्या होत्या, हात जोडून. रात्री त्या माझ्यासाठी पिठलं-भात घेऊन आल्या. मला वाटलं आता विचारतील. म्हणून मीच म्हटलं, "तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं..." त्या म्हणाल्या, "अहो, ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं सगळ्यांना. अख्ख्या जिन्यात एकाच दारावर आडनाव नाही, म्हणजे कळतंच की. जेवून घ्या." आणि जाताना म्हणाल्या, "आजोबांच्या हाताला गुण होता मात्र."

जे झाकायला मी तुमच्या हातात ती मोहरी दिली, ते झाकलेलं नव्हतंच. तुम्हाला हे माहीत होतं का, बाबा? मला वाटतं, होतं. तरी तुम्ही मला माझं दार झाकू दिलंत.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी नागपूरला गेले. विमान तासा-दीड तासाचं आहे, पण मुद्दाम रेल्वेने गेले, खिडकीची जागा घेऊन. तुम्ही सांगितलं होतंत तसं एकेक काढून टाकायला लागले. मनमाड पुसलं, भुसावळ पुसलं. अकोल्याला चहावाला ओरडत आला, तो काही पुसला जाईना. पुढे मात्र थोडा वेळ बाहेर नुसता काळोख होता, आणि तेवढ्यात एकदम जमलं. झाड नाही, माणूस नाही, आवाज नाही, आणि हे असंच रात्रभर, दिवसभर, आणि मग कुठेतरी एक लिंबू. नववीत पाठ केलेला आकडा तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर आला. कळलं, बाबा, असं कुणाला तरी सांगावं म्हणून मी वळले. शेजारच्या बाकावर एक बाई तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या. मला रडू आलं. ज्या एका माणसाला हे ऐकून आनंद झाला असता, त्याला मीच गच्चीवरून खाली आणलं होतं.

हे सगळं लिहून काढलं की माफी मागावी, असं मनात होतं. पण हा कागद कुठे जाणार नाही, तेव्हा माफीही कुठे जाणार नाही. जी गोष्ट तुमच्यासमोर मला कधीच बोलता आली नसती, तेवढी लिहिते आणि थांबते. त्या सकाळी दारात ते खोटं मला इतकं चटकन कसं सुचलं, याचा मी फार विचार केला आहे. मला ते शोधावं लागलं नव्हतं. आई माझी दृष्ट काढायची, बाबा. तुम्ही ऑफिसातून यायच्या आत, घाईघाईने, आणि "यांना सांगू नकोस" म्हणून मला जवळ घ्यायची. ती गेल्यावर कुणी काढली नाही. तुम्ही त्या बाळावरून मूठ फिरवत होतात तेव्हा मला लाज वाटत होती हे खरं, पण बाळाचा हेवाही वाटत होता. वहिनी गेल्या, तुम्ही हात धुवत होतात, डबा अजून उघडाच होता, आणि मला म्हणायचं होतं, बाबा, एकदा माझीही काढा.