टळलेल्या मुहूर्ताची आनंदवार्ता

प्रिय वारलू,

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही, आणि ज्याच्या कृपेने काल एक यंत्र हलले नाही, त्या नारायणाला वंदन करून लिहितो.

दसरा झाला की प्रफुलला मिलमधून काढून आरमोरीला नेणार, हा तुझा निरोप पोचला. पण आधी कालचे ऐक. वार्ता आनंदाची आहे!

काल दसऱ्याला मूल गावच्या आपल्या राइस मिलमध्ये यंत्रपूजा नेहमीप्रमाणे मीच केली. झेंडूचे हार चढले, नारळ फुटला, अंगणात डफडे वाजत होते. विजयमुहूर्त साधून मी हिरवे बटण दाबले. काहीच नाही. पुन्हा दाबले, यंत्र निश्चल. मालक कावले, "सोमाजीभाऊ, मुहूर्त टळून राह्यला! लाइन गेली का?" एवढ्यात अयूब मिस्त्री गर्दीतून पुढे आला. "लाइन नाई गेली. मेन स्विचले प्रफुलचं कुलूप हाय. पट्टा अडकला म्हणून तो यंत्राखालच्या खड्ड्यात उतरला." मालक म्हणाले, दुसरी किल्ली आणा. त्यावर अयूब शांतपणे म्हणतो, "दुसरी किल्ली बनवतच नाई, भाऊ. बनवली तं कुलूप कायले लावाचं?"

वारलू, त्या डफड्याच्या आवाजात तुझा मुलगा खाली आहे हे अयूबवाचून आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. त्या कुलपाला ठाऊक होते!

मुहूर्त गेला. वीस मिनिटांनी प्रफुल कोंड्याने पांढरा होऊन वर आला, कमरेची किल्ली काढून त्याने कुलूप उघडले आणि कुलपाला टांगलेली, आपले नाव नि फोटो असलेली लाल पाटी खिशात घातली. मला म्हणाला, "काका, मंत्र कमी पडला का जी?" सारे हसले, मला मात्र रडू आवरेना. मग त्याने रीत समजावली. तिघे उतरले तर तीन कुलपे, ज्याची किल्ली त्याच्याच कमरेला. आणि उतरण्यापूर्वी बटण दाबून यंत्र खरेच निर्जीव झाले ना, हे पाहायचे. आचार हे धर्माचे मूळ, असे मी जन्मभर सांगत आलो. तो आचार मला काल या तरुणाने दाखवला.

आता ज्यासाठी लेखणी धरली ते लिहितो. बावीस वर्षांपूर्वी याच पूजेला तू त्या खड्ड्यात होतास. आत माणूस आहे ही खूण म्हणून तुझा दुपट्टा स्विचवर टांगलेला होता. तो वाऱ्याने पडला असे सारे म्हणाले, तूही तेच मानलेस. वारा नव्हता, वारलू. मळका दुपट्टा पूजेच्या जागी नको म्हणून मी तो काढला, हार घातला आणि स्विच ओढला. तुझा उजवा हात यंत्राने नेला नाही, माझ्या सोवळ्याने नेला. आणि मी गप्प राहिलो. कालही बटणावर बोट माझेच होते. म्हणून विनवितो, राग धरायचा तर माझ्यावर धर. प्रफुलला त्या कामापासून तोडू नकोस. तिथे आता माझ्यासारख्याच्या हातूनही घात होत नाही.

हे पत्र तुला तुझी लेक दिव्यानी वाचून दाखवील. तिचे, ऐकणाऱ्या शेजाऱ्यांचे आणि ज्या ज्या डोळ्यांपुढे ही अक्षरे येतील त्या सर्वांचे कल्याण असो. कामावर गेलेले प्रत्येकाचे माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येवो.

तुझाच,
सोमाजी