फिल्टर घट्टच होता

बाबा,

आज सकाळी गॅरेजवर एक ट्रक आला आणि त्याच्या इंजिनात तोच आवाज होता. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. गॅरेज आता मी चालवते, आवाज रोज येतात, रोज ऐकते. पण हा ऐकल्यावर इंजिनाचा आवाज ऐकायचा लोखंडी रॉड कानापासून काढला आणि परत लावून ऐकला. ज्या गोष्टीचा दोष तुम्ही शेवटपर्यंत स्वतःच्या हातांना देत राहिलात, ती तुमच्या हातांनी घडली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. तेच सांगायला बसले आहे. एकदम सांगवत नाही, म्हणून सकाळपासून सुरू करते.

ट्रकात फरशा होत्या, पुढं घाट चढून पुण्याकडे जाणारा. ड्रायव्हर पंचविशीतला, उतरताच आत डोकावून म्हणाला, "मिस्तरी कुठंयत?" मी म्हटलं, "मीच." "गंमत नको ना ताई, मला आजच माल खाली करायचाय." तेलाचा लाल दिवा कधी लागला विचारलं, तर म्हणतो, "चौक गावच्या आधीपासनंच लागला व्हता. बोललो, खोपोलीला बघू." तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, टोकाला नुसता काळा ओलावा. तुम्ही शिकवलंत तसं आधी तेल भरलं, कारण कोरड्या इंजिनात सगळंच वाजतं. मग चालू करायला सांगितलं. हेड कव्हरवर रॉड टेकवला. वरची टिकटिक तेल पोचलं तशी कमी होत गेली. खाली ब्लॉकला टेकवला, तर आत ठक, ठक, जाड आवाज. रेस दिली की वाढणारा आणि सोडताना दोनदा वाजणारा. इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले, म्हणजे त्या त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. तिसरा ढिला केल्यावर आवाज दबला. तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं. इंजिन बंद करून थोडं तेल ताटलीत काढलं, उन्हात धरलं. त्यात बेअरिंगच्या कणांची तांबूस चमक होती. ताटली ड्रायव्हरच्या हातात दिली आणि म्हटलं, "गाडी हितनं हलणार नाय. शेठला फोन लाव." शेठ फोनवर ओरडला, "त्या पोरीचं काय ऐकतो रं तू!" पण पोरगं ताटलीकडंच बघत होतं. मग हळूच मला म्हणालं, "म्हंजे घाटात गेलो असतो तर?" मी हातातलं फडकं धुवायला गेले.

तुमचे कान गेले तेव्हा मी नववीत होते. तीस वर्षं इंजिनांत डोकं घालून गेले. आधी काही दिवस तुम्ही रॉडचं टोक दातात धरायचात, आवाज हाडातून कळतो म्हणायचात, आणि खरंच कळायचा. मग दाढा गेल्या, कवळी आली, आणि कवळीतून काही पोचेना. तेव्हा तुम्ही मला शाळेतून आल्यावर गॅरेजवर बसवायला लागलात. लोकांना सांगायचात, पोर अभ्यास करते. गाडी आली की रॉड तुमच्या कानाला आणि मी बोनेटच्या दुसऱ्या बाजूला वाकून, काहीतरी शोधत असल्यासारखी. मी वेणी पुढं घेतली की आवाज वर, हेडमध्ये, म्हणजे किरकोळ. फडक्याला हात पुसले की खाली, क्रँकजवळ, म्हणजे गाडी हलवायची नाही. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. घरी जाताना तुम्ही म्हणायचात, "भयऱ्या मिस्तरीकडं कोन गाडी लावल गं?" आणि हसायचात. मला हसू यायचं नाही. रात्री अंथरुणात मी दिवसभरातले आवाज परत परत ऐकायचे, चुकीची खूण दिली नाही ना म्हणून.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे, त्या दिवशी कडावच्या काकांचा ट्रक आला. विटांचा ट्रक, नेहमीचा, काकाही नेहमीचंच गिऱ्हाईक. फिल्टरचं सील गळून तेल उतरलेलं, आणि ते तसेच चालवत आलेले. बाकावर शिळफाट्याच्या दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्री चहा पीत बसले होते. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रॉड लावून वाकलात तसे ते म्हणाले, "काय मिस्तरी, आयकू येतंय का नुसतंच मान डोलवताव?" चारजणं हसली. तुम्हाला शब्द कळले नसतील, पण हसणं दिसलं. आणि तुम्ही माझ्याकडे न बघता, मोठ्यानं सांगून टाकलंत, "वरचा हाय. टॅपेट हायेत. तेल, फिल्टर बदलतो, जाईल." त्यानंतर माझ्याकडे बघितलंत.

मी खालचा आवाज ऐकला होता. शंका नव्हती, बाबा. शंका असती तर आज बरं वाटलं असतं. फडकं माझ्या हातातच होतं, नुसते हात पुसायचे होते. पण तुम्ही सांगून बसला होतात, ते मिस्त्री हसत होते, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. मी वेणी पुढं घेतली. तुम्ही मान हलवलीत आणि कामाला लागलात. तेल बदललंत, फिल्टर बसवलात. इंजिन चालू असताना मीच खालून फिल्टरभोवती बोट फिरवलं होतं. कोरडं आलं. एक थेंब नव्हता. नव्या घट्ट तेलानं खालचा आवाजही थोडा दबला, आणि काका म्हणाले, "बघ, गेला की! मिस्तरी तो मिस्तरीच."

दुसऱ्या दिवशी घाटात इंजिन जाम झालं. काका चाकामागं दगड लावायला उतरले आणि मागून आलेल्या टेंपोनं त्यांना धडक दिली. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. बातमी संध्याकाळी आली. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही तिच्या पलीकडे पाटावर बसलात, मला समोर बसवलंत, आणि माझे ओठ नीट दिसावेत म्हणून वाकून विचारलंत, "काल तू बरोबर आयकलंस ना गं?" रागावला नव्हतात. नुसतं विचारत होतात. मी म्हटलं, "हो बाबा. वरचाच होता." आईनं भाकरी उलटली. तुम्ही हाताच्या बोटांकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग फिल्टर ढिला ऱ्हायला माज्या हातनं. तेल गेलं असंल वाटेत."

तिथं मला कळलं की माझं खोटं कुठं जाऊन पडलं. मला वाटलं होतं मी फक्त स्वतःला वाचवते आहे. पण आवाज वरचा होता म्हटल्यावर दुसरं काय उरत होतं? कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलेलं, सगळं तेल रस्त्यावर सांडलेलं. फिल्टर ढिला होता की घट्ट, हे आता कोणी सांगू शकणार नव्हतं, माझ्याशिवाय. मी ताट घेतलं आणि जेवले.

तुम्ही दवाखान्यात काकांचे पाय धरायला गेलात, आणि चादरीखाली एकच पाय होता, हे आईनं मला नंतर सांगितलं. त्यानंतर तुम्ही प्रत्येक नट तीनदा आवळायला लागलात, मग दहादा. घरी जाताना निम्म्या वाटेवरून परत गॅरेजवर जायचात, उभ्या गाडीच्या खाली शिरून ड्रेन प्लगला हात लावून यायचात. एकदा इतका आवळलात की आटे गेले. लोक म्हणायला लागले, मिस्त्रीचा हात गेला. कान गेलेले कोणाला कळले नाहीत, आणि हात, जे शाबूत होते, ते गेले म्हणून गावभर झालं. पावसाळ्याच्या आधी तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि खुर्चीत बसलात. मी काम करायचे, तुम्ही माझ्या हातांकडे बघायचात. पुढच्या वर्षी काविळीचं निमित्त झालं. त्या मधल्या दिवसांत मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं असतं, शेजारी ऐकतील, हेही कारण मी स्वतःला दिलं होतं.

आज तो ट्रक उभा करून ठेवल्यावर दुपारी शटर ओढलं आणि स्कूटर काढून कडावला गेले. काकांची आता दुधाची डेअरी आहे. नकली पाय खुर्चीला टेकवून ठेवलेला असतो. मला बघून म्हणाले, "ये गं, मिस्तरीची पोर ना तू? बस, बस. म्हशीचं देऊ का गायीचं?" मी म्हटलं, "काका, बाबांबद्दल बोलायचं होतं." वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, आवाजापासून फिल्टरपर्यंत, तोंडपाठ. काका माझ्याआधीच बोलायला लागले. "लई भला मानूस. माज्या उशाशी बसून रडला, आनी मलाच त्याला गप करायला लागलं. मी तवाच बोललो, मिस्तरी, हात हाय, ऱ्हातो कदी ढिला. मी राग नाय धरला. तू पन नको धरू गं बापावर."

ते माझ्याकडे मायेनं बघत होते. मी म्हटलं, "नाय धरत, काका."

मग म्हशीचं अर्धा लिटर घेतलं आणि आले.

हे सगळं आता कागदावर आहे, एकही गोष्ट सोडलेली नाही. वर तुमचं नाव घातलं आहे. काकांचं घातलं असतं, तर नेऊन द्यावं लागलं असतं.