झाकली मूठ

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय टिंगू,

कशी आहेस असं विचारत नाही, कारण कशी आहेस ते मला कळलंय. परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. ‘मावशी, मी सांगितलं असं आईला सांगू नकोस हं,’ असं तिनं तीनदा बजावलं आणि मी पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. तिच्यावर ओरडू नकोस. घाबरली होती बिचारी.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय. दुकानात मालकांनी नवा आरसा लावलाय, त्यात गिऱ्हाइकं चष्म्यापेक्षा स्वतःचे केसच जास्त बघतात. मी हल्ली मागे दुरुस्तीच्या टेबलावर नसते, पुढे असते. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, एवढंच काम. एक आजोबा दर खेपेला शेवटची ओळ पाठ करून येतात आणि मी तक्ता बदलला की माझ्यावरच चिडतात.

तर, संधिवात. नाव ऐकून म्हातारं झाल्यासारखं वाटतं ना? पण तुझा तो वयामुळे झालेला नाही, दुसरा आहे, असं लेक म्हणाली. आमच्या दुकानात एक बाई येतात, तुझ्याहून थोड्या मोठ्या, त्यांना हाच आजार आहे. भलत्याच बोलक्या. त्यांच्याकडून जे जे ऐकलं ते लिहिते. पटेल तेवढं घे.

सकाळी डोळे उघडले की लगेच उठायचं नाही. त्या बाई साडेपाचचा गजर लावतात. उशाशी दोन बिस्किटं, पाणी आणि सकाळची गोळी ठेवलेली असते. खायचं, गोळी घ्यायची, पुन्हा पडायचं. गोळीनं काम सुरू केलं की मग आपण सुरू करायचं. उठल्यावर आधी कोमट पाण्याच्या टबात हात दहा मिनिटं. बोटं जरा ऐकायला लागतात.

चमच्याला, ब्रशला, पेनाला सायकलच्या मुठीचं रबर चढव. जाड वस्तू धरायला सोपी जाते. टॉवेल हातानं पिळू नकोस, नळाभोवती गुंडाळ आणि दोन्ही टोकं धरून फिरव. पिशवी बोटांत धरायची नाही, कोपराला अडकवायची. आणि तुझ्या पाळणाघरातल्या पोरांना उचलणं बंद. एक ठेंगणं स्टूल घे, पोरांनाच चढून तुझ्या मांडीवर येऊ दे. त्यांना तो खेळच वाटेल.

एक मात्र नीट वाच. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली असेल तर ती चुकूनही रोज घ्यायची नाही. वार ठरव आणि कॅलेंडरवर गोल कर. मनानं बंदही करायची नाही.

आता थांबते. एका बैठकीत फार लिहू नये, असं त्या बाई म्हणतात.


बुधवार

कालच्या कागदावर अक्षर बिघडलंय तिकडे लक्ष देऊ नकोस, पेन खराब आहे.

काल एक गोष्ट राहिली. बऱ्या दिवसापासून जपून राहायचं. एखाद्या सकाळी अंग हलकं वाटतं, आणि माणूस खिडक्या पुसतं, चादरी धुतं, कपाट काढतं. मग पुढचे तीन दिवस गादीला खिळून. बऱ्या दिवशीही कामं निम्मीच करायची. हे शिकायला त्या बाईंना चार वर्षं लागली.

एक वही कर. सकाळी मूठ किती वाजता मिटली, तेवढंच रोज लिहायचं. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला काही म्हणजे काही आठवत नाही. वही बोलते.

लोक म्हणतील, ‘दिसत तर काही नाही तुला!’ त्यावर वाद घालू नकोस. दम वाचव.

त्या बाई एकट्या राहतात. दुखण्याचं त्यांना फारसं वाटत नाही, त्याची सवय झालीय. त्यांना रविवारची दुपार नको वाटते. दुकानं बंद, जिना शांत. मागे एका रविवारी त्यांना मुरंब्याच्या बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. रबरी हातमोजा घालून पाहिला, गरम पाण्याखाली धरून पाहिलं. शेवटी बरणी घेऊन त्या खाली रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कुत्र्याला फिरवणारा एक माणूस आला, त्याला म्हणाल्या, ‘जरा एवढं उघडून देता का?’ त्यानं एका झटक्यात उघडलं आणि म्हणाला, ‘झालं!’ त्या वर आल्या. शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललेला तेवढा एकच शब्द. मुरंबा त्यांनी खाल्लाच नाही.

हे तुला का सांगतेय कोण जाणे. तुझ्या घरात झाकण उघडायला दोन माणसं आहेत. त्यांना हाक मारायला लाजू नकोस, एवढंच.


शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. काल मी न्हाणीघरात अडकले.

सकाळी आंघोळ झाली आणि कडी निघेना. गोल मुठीची जुनी कडी आहे, नेहमी जरा हिसडा दिला की निघते. काल हिसडा देता येईना. कडीला टॉवेल गुंडाळून पाहिला, दातांनी ओढून पाहिलं, काही नाही. बाहेर फोन वाजला, दुकानातूनच असणार, वाजून वाजून थांबला. पाणी गार झालं. मी पालथ्या बादलीवर बसले आणि तांब्यानं नळाच्या पाइपावर ठोकायला लागले. टिंगू, दोन तास ठोकत होते.

वर प्लंबर राहतो. सहा वर्षं आम्ही एका जिन्यानं येतो-जातो, पण बोलणं कधी नाही. पाइपाचा आवाज त्याला कळला नाही तर कुणाला कळणार? तो मागच्या गच्चीवरून झरोक्यापाशी आला.

“बाई, आत आहात का?”

“आहे ना. कडी अडकलीय.”

“जोरात ओढा.”

“बोटांत जोर नाही.”

मग झरोक्यातून त्यानं दोरीला बांधून एक पाना खाली सोडला. “बोटं लावूच नका. पाना कडीत अडकवा. अडकला? आता मनगटानं, सगळं अंग टाकून खाली. पाना म्हणजेच तुमचा हात असं समजा.”

तिसऱ्या खेपेला निघाली. मी कपडे करून दार उघडलं तेव्हा तो जिन्यात उभा होता, गच्चीत साचलेल्या पाण्यानं पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

“काय झालंय हाताला?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “संधिवात. आठ वर्षं झाली.”

तो म्हणाला, “आणि मी आपला समजत होतो, बाई शिष्ट आहेत. एकदा माझी पिशवी फुटली, बटाटे जिनाभर पसरले, तुम्ही हात न लावता बघत उभ्या राहिलात. घरी बायकोला म्हणालोसुद्धा, काय माणूस आहे!”

संध्याकाळी येऊन त्यानं न्हाणीघराला नुसता ढकलायचा खटका बसवला आणि माझी जादा किल्ली मागून नेली. तुझीही एक किल्ली शेजारी ठेव. हे कुठल्या बाईंनी सांगितलेलं नाही.


रविवार

दुकानात तशा कुणी बाई येत नाहीत, टिंगू. त्या बाई म्हणजे मीच.

मंगळवारचा कागद फाडून नव्यानं लिहावं असं फार वाटलं. पण ती चार पानं पुन्हा लिहिण्याइतकी ताकद बोटांत नाही, म्हणून खोटं आहे तसंच राहू दे. पेनही खराब नाही.

प्लंबरला जे दारात उभ्या उभ्या सांगितलं, ते तुला आठ वर्षांत सांगितलं नाही. डॉक्टर आणि मालक सोडले तर कुणालाच नाही. आई पडली तेव्हा आपलं ठरलं होतं, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. तू फोन केलास, ‘ताई, आईला कधी आणू?’ त्या सकाळी मी चहाचा कप दोन तळव्यांत धरला होता, तोही सांडला होता. आईला कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं. मी तिला पाडलं असतं गं. आणि मी तुला म्हणाले, ‘दुकानात फार काम आहे, जमणार नाही.’ तू म्हणालीस, ‘ठीक आहे ताई, सांभाळ तुझे चष्मे.’ त्यानंतर तू मला ताई म्हटलेलं मला आठवत नाही.

तीन वर्षं तू एकटीनं केलंस. आई गेली तेव्हा मी आले, एक दिवस राहिले, आणि शालीतून हात बाहेर काढले नाहीत. तू म्हणालीस, ‘हिला तर शिवायचंही नाही आईला.’ मी ऐकलं होतं. पायांपाशी बसायचं होतं मला, टिंगू. पण बोटं त्या आठवड्यात इतकी वाकडी झाली होती की ती बघून सगळे आईला सोडून माझ्याभोवती जमले असते.

तुझ्या पदरात आधीच एक आजारी माणूस, त्यात दुसरं कशाला, असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मंच खरं आहे. दुष्ट म्हटलेलं मला चालत होतं, बिचारी म्हटलेलं चाललं नसतं, हे उरलेलं निम्मं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तर मिटतच नाही, आणि मी आठ वर्षं झाकत बसले.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. तुझ्या लेकीचा फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. खरंच. आधी मनात आलं, आता कळेल हिला. आणि लगेच मागून, आता आपण दोघी. तक्त्यासमोर एक बाई अक्षरं वाचत होत्या, त्या चुकत होत्या आणि मी ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होते. नंतर स्वतःची इतकी शिसारी आली की जेवण गेलं नाही. तुझ्या हातांना हे व्हायला नको होतं. मला आणखी दहा वर्षं झालं असतं तरी चाललं असतं, पण तुला नको होतं.

क्षमा कर म्हणत नाही. ते तुझं तू बघ. रागावलीस तरी कोमट पाणी, वही आणि आठवड्याची गोळी तेवढी सोडू नकोस, ते सगळं खरं आहे.

उत्तर लिहू नकोस, बोटं सुजतील. वाटलं तर फोन कर, रविवारी दुपारी. मला खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो, मग रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलावा लागतो. लगेच ठेवू नकोस. वाजू दे.

येतेच आहे,
तुझी ताई