यमानचा पहिला दात

शनिवार, ४ जानेवारी

यमानला दात आला. भरवताना चमचा टक् वाजला. बोट फिरवलं — आहे. तांदळाच्या कणीएवढा.

कुणाला सांगितलं नाही.

अरीज, माझी सून, तीन बाळं घेऊन दवाखान्यातून आली तेव्हाच ठरलं होतं — लैथ आणि ताला तिच्याकडे, सर्वांत अशक्त यमान माझ्याकडे. "पहिला दात येईपर्यंतच हं, खाला," म्हणाली होती. सासूला ती खालाच म्हणते, म्हणजे मावशी. तिचं घर साठ पायऱ्या खाली. नऊ महिने तो माझ्या कुशीत झोपतोय. माझे यजमान, अबू कुसै, गेले तेव्हापासून गादीची ती बाजू थंडच असायची.

सोमवार, ६ जानेवारी

शेजारची उम नबील — "पोराचं तोंड सारखं काय झाकतेस? दात ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं बाळाला कपडे करायचे, म्हणून लपवतेस होय? इतकी चिक्कू कधी झालीस गं?"

"लाळ गळते," म्हटलं. गळतेच की.

बुधवार, ८ जानेवारी

यमानला खाली अरीजकडे नेलं. तिघांना सतरंजीवर सोडलं. हा रांगावा म्हणून महिनाभर पुस्तकात वाचून मी याच्यापुढे खुळखुळा धरतेय, हा आपला बसून हसतो. आज लैथनं त्याच्या हातची काकडी पळवली — आणि यमान निघाला की मागे! आधी पोटावर, मग गुडघ्यांवर. काकडी शेवटी तालानं खाल्ली. आम्ही दोघी हसून हसून रडलो.

त्याला ती दोघं हवीत. हे पुस्तकात नव्हतं.

गुरुवार, ९ जानेवारी

गहू भिजत घातले.

शुक्रवार, १० जानेवारी

दाताचे गहू शिजवले — बाळाला पहिला दात आला की करतात ते गोड गहू. साखर, बदाम, वर डाळिंबाचे दाणे. पातेलं घेऊन, यमानला कडेवर बसवून खाली गेले.

"दात आलाय. शनिवारीच दिसला होता मला," एका दमात सांगून टाकलं.

अरीज उठली. कपाटातून निळा सदरा काढला. यमानच्या मापाचा, घरी शिवलेला.

"मला त्याच्या आधी, गुरुवारी दिसला, खाला. तुमच्याकडून त्याला मागायला जीभ रेटेना."

मग माझा मुलगा, कुसै, यमानचे कपडे आणायला वर गेला. बराच वेळ आला नाही.

शनिवार, ११ जानेवारी

काल कुसै कपड्यांबरोबर माझी गादीही घेऊन खाली आला. अरीजनंच सांगितलं होतं म्हणे.

इकडे यमान, तिकडे ताला. लैथ पायाशी आडवा. गादीची एकही बाजू थंड नाही.